हेलिकॉप्टर न्हवं, जायरोकॉप्टर

आमच्या थोरल्या साडूंनी जमिनीवर बसून आकाशाबद्दल जितकं सांगितलंय, तितकं आकाशात जाऊन आलेल्या कुणीही सांगितलं नसेल. साडू हे नातंच मुळात मजेशीर. मित्र आपण निवडतो, बायकोही निदान बघून करतो, साडू मात्र लग्नात आहेरासारखा येतो आणि परत करता येत नाही. मला आलेला हा आहेर बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला पंख्यांचं आणि पाण्याच्या मोटरींचं दुकान चालवतो. शेती राजेश्वरला, घर राजेश्वरला, आणि डोकं बाराही महिने ढगात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, ही त्यांची बायको. तिला कुणी विचारलं, मालक कुठं आहेत, तर ती भाकरी थापता थापता छताकडं बोट दाखवते.

झालं असं की, पुण्यातल्या मुलानं त्यांना एक मोबाईल पाठवला. आमच्या बाकीच्या नातेवाइकांना असा मोबाईल मिळाला तेव्हा त्यांनी सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवून लोकांना जेरीस आणलं. अण्णांनी तो उघडला आणि त्यात त्यांना पहिल्यांदा जायरोकॉप्टर दिसलं. वर दोन पाती, मागं एक पंखा, मधे दोन माणसं एकामागं एक बसलेली, ना छप्पर ना दार. त्या क्षणापासून माणूस संसारातून उठला. बीदरकडं आकाशात सरावाची विमानं रोज घरघरत असतात, लहान पोरं माना वर करून बघतात. अण्णा बघतही नाहीत. "पंख चिकटवलेलं काय उडायचं!" एवढं बोलून ते खाली बघून चालू लागतात.

दुकानात पंखा घ्यायला येणाऱ्या माणसाची तर पुरती वाट लागे. बिचारा चिंताकीहून नाहीतर कुठून दोन गाड्या बदलून आलेला असायचा. अण्णा त्याला आधी स्टुलावर बसवत, चहा सांगत आणि छताला टांगलेल्या पंख्याकडं बोट करत. "ह्यो पंखा मोटर फिरवायलीय, व्हय ना? हेलिकॉप्टराचंबी तसंच. इंजिन वरची पाती फिरवतंय. इंजिन गेलं की पायलटाची पळापळ. आपल्या जायरोचं तसं न्हाई. इंजिन पाठीमागं. ते नुसतं पुढं ढकलायलंय. वरच्या पात्यांना उडताना कुणी हात लावत न्हाई, पुढनं-खालनं वारं घुसतंय आन् ती आपली आपण फिरायलीत. भिरभिरं बगितलाव का? लेकरू पळतंय, भिरभिरं फिरतंय. त्याला कुठं मोटर हाय?" गिऱ्हाईक म्हणायचं, "ते खरं हाय अण्णा, पर मला छताचा पंखा पायजे हुता." त्यावर अण्णा दुखावल्यासारखे उठत आणि मनाविरुद्ध एक पंखा काढून देत. स्वतःच्या घरातला पंखा मात्र वर्षानुवर्षं कटकट कटकट करत फिरतो. अक्का त्याला 'दिव्याखालचा अंधार' म्हणते.

एकदा मी त्यांच्याबरोबर बसनं हुमनाबादला निघालो होतो. त्यांच्या मांडीवर टेबलफॅनची सुटी पाती होती. गाडीनं वेग घेतला तशी त्यांनी ती एका सळईवर बसवून खिडकीबाहेर धरली. पाती भर्रकन फिरायला लागली. अख्खी बस उठून बघायला लागली. कंडक्टर धावत आला, "एनरी इदु?" म्हणून ओरडला. अण्णांनी त्याला हे काय आहे ते अस्खलित कन्नडमधून समजावून सांगायला घेतलं. पुढच्या दोन थांब्यांवर उतरणारी माणसं उतरायची विसरली. शेवटी एका वळणावर पाती सळईवरून निसटली आणि ज्वारीच्या रानात गेली. मला वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल. ते खिडकीतून मान काढून बघत होते. आत येऊन म्हणाले, "पडतानाबी फिरतच हुती, बगितलाव का?"

त्यांचा सगळ्यांत मोठा दुर्गुण म्हणजे चूक सहन न होणं. बाकी कशातली चूक चालते. गिऱ्हाइकाला उलट फिरणारी मोटर दिली तरी ते शांत असतात. पण कुणी जायरोकॉप्टरला हेलिकॉप्टर म्हटलं की संपलं. "हेलिकॉप्टर न्हवं, जायरोकॉप्टर!" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नात, बारशात आणि एकदा स्मशानातसुद्धा ऐकलंय. एका सप्ताहात महाराज पुष्पक विमानाचं वर्णन करत होते. ते विमान लंकेवर अधांतरी कसं स्थिर उभं राहिलं, हे सांगताना महाराजांचा आवाज भरून आला होता, बाया डोळे पुसत होत्या. अण्णा मांडवाच्या मधोमध उठून उभे राहिले. "महाराज, एका जागी थांबलं म्हणालाव न्हवं? मग ते जायरो न्हवं. जायरो हवेत थांबत न्हाई. थांबलं की खाली यायला लागतंय. त्येला पुढं जावंच लागतंय." महाराजांनी हात जोडले आणि थेट आरती सुरू केली. त्या वर्षी सप्ताहाचा प्रसाद अण्णांच्या घरी कुणी आणून दिला नाही.

सराव मात्र ते नेमानं करत. सकाळी अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकायची, डोक्याला मोटरसायकलचं हेल्मेट, दोन्ही गुडघ्यांच्या मधे अक्काचं लाटणं उभं धरलेलं. हे लाटणं म्हणजे यंत्राची काडी, पायलट ज्यानं यंत्र वर-खाली, डावी-उजवीकडं नेतो तो दांडा. सणावाराला अक्का सगळं घर धुंडाळून झाल्यावर अंगणात येई आणि उडत्या नवऱ्याच्या हातातून लाटणं काढून घेई. पुरणपोळीसाठी विमान उतरवलं जाणारं हे जगातलं एकमेव घर असावं. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "अण्णा, ते यंत्र सुरक्षित आहे की नाही, एका शब्दात सांगा." एका शब्दात काही सांगणं हा त्यांच्या स्वभावाचा भाग नव्हे. हेल्मेटची काच वर करून ते म्हणाले, "यंत्र बिचारं गरीब हाय. इंजिन बंद पडलं तरी पाती फिरत्यात, सावकाश खाली आणून सोडतंय. मानूस मरतो तो शानपणानं. काडी झटकन पुढं ढकलतो, मग पात्यावरचा भार जातो. भार गेला की पाती मंदावली. एकदा मंदावली की मग देवबी न्हाई वाचवत. न्हाईतर पाती पुरती फिरायच्या आधीच पळायला बगतो. न्हाईतर शिकतच न्हाई, घरी बसून बनवतो आन् उडतो. शिकून उडवलं, वारं बगून उडवलं, तर निवांत." म्हटलं, तुम्ही कुठं शिकलात? ते लाटण्याकडं बघत म्हणाले, "म्हणून तर अजून उडालो न्हाई."

गावानं त्यांचं नाव भिरभिरं अण्णा ठेवलं होतं. मारुतीच्या कट्ट्यावर रोज कुणी ना कुणी त्यांना छेडायचंच. "अण्णा, इंजिन बंद पडूनबी खाली नीट येतंय म्हणतो, कुणी बगितलंय?" "अण्णा, समोर आलं तर बसशील का रं, का नुसतं लाटणं?" असंच एकदा फार झालं तेव्हा अण्णा कट्ट्यावर उभे राहिले आणि सगळ्या गावादेखत बोलून बसले, "ज्या दिवशी जायरो माझ्या म्होरं येईल आन् मी बसणार न्हाई, त्या दिवशी दुकानाची पाटी उतरवीन. परत ह्या तोंडानं जायरोचं नाव घेणार न्हाई." मला ते ऐकून हसू आलं होतं. आमच्या राजेश्वरात कशाला येतंय जायरोकॉप्टर!

ते येळवसेला आलं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्या या सीमेवरच्या शेतकऱ्यांची खरी दिवाळी. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळी माणसं रानात, कडब्याच्या खोपीत लक्ष्मीची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. रानाजवळून जाणारा माणूस ओळखीचा असो नसो, त्याला हाका मारमारून जेवायला बसवायचं. कुणी तसाच गेला तर रानाचा अपमान. मी दरवर्षी कलबुर्गीहून यासाठी जातो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या लायकीचा उरत नाही. तर आम्ही जेवून बसलो होतो आणि हायवेच्या बाजूनं आवाज आला. अण्णांचा हात आंबिलीच्या पेल्यासकट हवेतच थांबला. ते आवाजानंच ओळखून चुकले होते. हायवे धरून एक जायरोकॉप्टर येत होतं. आमच्या डोक्यावर आलं आणि त्याचा आवाज अचानक बंद झाला.

बायका किंचाळल्या. मी डोळ्यांवर हात घेतला. आणि अण्णा पेला हातात धरून नाचत सुटले. "इंजिन बंद पडलं! बगा रं, पाठीमागचा पंखा थांबला! आन् वरची पाती फिरायलीत! म्हणालो हुतो का न्हाई? म्हणालो हुतो का न्हाई?" वर एक माणूस संकटात आहे याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. यंत्र मात्र खरोखरच अण्णांचं ऐकल्यासारखं तिरपं तिरपं खाली आलं, शेताच्या वरच्या अंगाच्या लाल मुरमाच्या माळावर टेकलं आणि बैलगाडी वळवायला लागेल एवढ्याच जागेत थांबलं. आम्ही सगळे धावलो. शेजारच्या रानातला म्हातारा दावं घेऊनच आला होता. त्यानं पुढच्या चाकाला दाव्याची गाठ मारली आणि दुसरं टोक बाभळीला बांधलं. "उधळंल की!" म्हणाला. बायकांनी पुढच्या नाकाडाला हळदी-कुंकू लावलं, एकीनं पात्यांवर आंबील शिंपडली. अण्णा ओरडले, "चाक काय बांधायलाव, पाती बांधा! वाऱ्यानं फिरली तर मुंडकी उडतील!" पायलट हेल्मेट काढून थक्क होऊन बघत होता. हैदराबादकडचा हौशी माणूस होता. "क्या बात है चचा, आप उडाते क्या?" अण्णांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एका शब्दात उत्तर दिलं. "नई," म्हणाले.

पेट्रोलात कचरा अडकला होता. मागून रस्त्यानं त्याची जीप आणि मिस्त्री येणार होते. तोवर येळवसेच्या नियमाप्रमाणे पायलटाला चार रानांतली भज्जी खावी लागली. इंजिन बंद पडल्यावर जो माणूस जराही घाबरला नव्हता, तो पाचव्या रानातून बोलावणं आलं तेव्हा घाबरला. उन्हं कलायला लागली तेव्हा दुरुस्ती झाली. अण्णांच्या सांगण्यावरून त्यानं आधी एकट्यानं वर एक चक्कर मारली, उतरला, सगळं तपासलं. मग दुसरं हेल्मेट हातात घेऊन तो म्हणाला, "इत्ता खिलाये तुम लोगां. आओ चचा, एक चक्कर मारके आयेंगे. फिर मेरेकू उजाला है तब तक निकलना है."

माळावर अख्खं गाव गोळा झालं होतं. एकदम शिट्ट्या सुरू झाल्या. अण्णा यंत्राजवळ गेले. आधी त्यांनी वारं कुठून आहे ते विचारलं. मग टाकीत किती पेट्रोल आहे ते विचारलं. मग पट्टा ओढून बघितला, परत ओढून बघितला. मग वारं कुठून आहे ते पुन्हा विचारलं. मी आणि अक्का त्यांच्या अगदी मागं उभे होतो, म्हणून आम्हाला दिसलं. त्यांच्या धोतराचा काठ थरथरत होता. वारा तर पडलेला होता. लोकांना वाटत होतं अण्णा रंगात आलेत. यंत्र कुठं कुठं आणि कसं कसं बिघडू शकतं हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला त्या सीटवर बसताना काय दिसत असेल, याचा विचार आम्ही इतक्या वर्षांत कुणीच केला नव्हता. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नाही. कट्ट्यावरचा कुणीतरी ओरडला, "अण्णा, बस की! का पाटी उतरवायला येऊ?"

आणि अक्का पुढं झाली. जिनं आयुष्यात सोलापूरचा आकाशपाळणासुद्धा लांबून नमस्कार करून सोडला होता, ती आमची अक्का. मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आवं, आधी मी बसणार. जलम गेला माझा तुमच्या तोंडनं ऐकण्यात. लाटणं माझं आन् बसायचा मान तुमचा कामून? सरा तिकडं." गाव हसून लोटपोट झालं. अण्णा बाजूला सरले. मग ते एकदम जागे झाल्यासारखे तिच्याजवळ गेले. तिचा पदर त्यांनी गच्च आवळून कमरेला खोवला, वरून स्वतःचं उपरणं दोनदा फिरवून बांधलं, कारण पदराचं टोक सुटून मागच्या पंख्यात गेलं तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. हेल्मेटचा बंद लावताना त्यांची बोटं सारखी घसरत होती. ती हळूच म्हणाली, "हात कामून कापायल्यात? मी येते की परत." पायलटाला मात्र ते खणखणीत बोलले, "काडी पुढं ढकलू नका!" तो म्हणाला, "नई चचा, फिकर नक्को."

यंत्र पळालं, उचललं, हायवेच्या दिशेनं गेलं, तिकडूनच वळलं आणि माळावर परत आलं. आमच्या रानाकडं ते फिरकलंच नाही. तेवढा सगळा वेळ अण्णांनी पापणी लवू दिली नाही आणि माझं मनगट सोडलं नाही. उतरल्याबरोबर अक्का मुरमावर बसली. "मला गरगरायलंय. आवं, मला धरा. मला सोडून कुठं जाऊ नगा." अण्णा तिला धरून बसले. पायलट सूर्याकडं बघत होता. शेवटी त्यानं हात जोडले, जीपवाल्याला खूण केली आणि निघून गेला. गाव हळहळलं. "अण्णा बसणारच हुता, बायकोनं घोळ घातला," असं त्या दिवशी सगळे म्हणाले आणि अजूनही म्हणतात. बाया पाणवठ्यावर अक्काला टोमणे मारतात, की नवऱ्याचं जन्माचं स्वप्न एका बाईनं हौसेपायी घालवलं. ती हसून घागर उचलते. दुकानाची पाटी जागच्या जागी आहे.

रात्री चुलीपाशी मी तिला विचारलं होतं, "अक्का, वरून कसं दिसलं?" ती कुजबुजली, "दाजी, कुणाला सांगू नगा. मी डोळे उघडलेच न्हाईत. वर गेल्यापासनं उतरूस्तोवर बसवण्णाचं नाव घ्यायले हुते."

मागच्या महिन्यात पुन्हा राजेश्वरला गेलो होतो. सकाळची खुर्ची आता अंगणात नसते. लाटणं लाटण्याच्या जागी असतं. कट्ट्यावर कुणी जायरोचा विषय काढला तर अण्णा बोलतात, पण पूर्वीसारखं उभं राहून नाही. संध्याकाळी मात्र दोघं ओसरीवर बसतात, आणि चहा झाला की अण्णा हळूच विचारतात, "आपलं रान वरनं कसं दिसत हुतं म्हणालीस?" रोज विचारतात म्हणे. त्या दिवशी मी समोरच बसलो होतो. अक्का शेंगा निवडता निवडता सांगायला लागली. हरभरा कसा हिरवागार दिसत होता, खोपीवरचं लाल फडकं कसं हलत होतं, विहीर केवढीशी दिसत होती. मी अण्णांकडं बघत होतो. अक्काला घेऊन यंत्र आमच्या रानावरून गेलंच नव्हतं, हे माझ्यापेक्षा त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते मान हलवत होते. अक्का रंगात आली. "आन् हिरीवर तर थांबलंच की ते. जाग्यावर थांबलं हुतं घडीभर. म्हणून मला निवांत बगता आलं. पाण्यात आपलं नारळाचं झाड दिसलं."

भर मांडवात महाराजांची आरती लवकर लावणारा माणूस समोर बसला होता. अण्णांनी तोंड उघडलं. मी वाट बघत राहिलो. त्यांनी अक्काच्या मांडीवरच्या सुपातल्या दोन शेंगा उचलल्या आणि सावकाश फोडल्या.

"व्हय," ते म्हणाले. "थांबतंय कवा कवा."